मणक्यात सिमेंट : कोणासाठी, कधी आणि डॉक्टरांना काय विचारायचं

आपल्या वस्त्यांमध्ये पाठदुखीला एकच नाव आहे, गॅप. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मणक्यात गॅप, हमालाच्या मणक्यात गॅप, शिलाई मशीनवर बसणाऱ्या पोरीच्याही मणक्यात गॅप. मग पट्टा येतो, मलम येतं, गल्लीतल्या दवाखान्यातली दोन इंजेक्शनं होतात. बहुतेकांचं यात निभावून जातं, कारण बहुतेक पाठदुखी कष्टाची असते आणि काही आठवड्यांत आपोआप उतरते. पण एका माणसाच्या बाबतीत हा शब्द घरात वापरायचा नाही. ज्याला आधी कधीही कॅन्सर झाला आहे, मग उपचार संपून पाच वर्षं का झालेली असेनात, त्याची पाठ नव्याने दुखू लागली तर तपासणी होईपर्यंत ती गॅप समजायची नाही.

अंगारे-धुपारे आपण सोडले, त्याचा अभिमानही बाळगतो. पण पाठ धरली की मालिशवाल्याला बोलावणं काही सुटलेलं नाही. आतून पोखरलेल्या मणक्यावर कोणी गुडघा रोवून दाब दिला, तर तो मणका तिथेच खचू शकतो. म्हणून कॅन्सरच्या पेशंटच्या पाठीला मालिश नको, हाडं बसवणारा नको, आणि 'कडकन वाजलं की मोकळं होईल' असलं काही अजिबात नको.

आत काय होतं ते सांगते. कॅन्सरच्या पेशी रक्ताबरोबर फिरतात. मणक्याच्या आत लाल मज्जा असते, तिथे रक्तपुरवठा भरपूर, म्हणून त्या तिथे घर करतात. आपलं हाड जिवंत असतं. शरीर जुनं हाड रोज थोडं थोडं खरवडतं आणि त्या जागी नवं भरतं. कॅन्सरच्या पेशी खरवडणाऱ्यांना चिथावतात आणि भरणारे मागे पडतात. वाळवी लागलेल्या वाशासारखं, बाहेरून सगळं ठीक आणि आत पोकळ. मग एक दिवस जोराचा खोकला येतो, पाण्याचा हंडा उचलला जातो किंवा रिक्षा खड्ड्यात आदळते आणि मणका खाली बसतो. स्तनाचा, प्रोस्टेटचा, फुप्फुसाचा, किडनीचा आणि थायरॉइडचा कॅन्सर हाडात जास्त उतरतो. मल्टिपल मायलोमा हा तर मज्जेतलाच कॅन्सर, तोही मणके असेच पोखरतो.

याचं दुखणं दोन तऱ्हेचं असतं, आणि हा फरक घरच्यांनी नीट ओळखला तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं. एक दुखणं सतत असतं, रात्री वाढतं, पडून राहिलं तरी जात नाही. ते मुख्यतः गाठीमुळे होतं. दुसरं दुखणं हालचालीचं. पेशंट सपाट झोपला की बरं वाटतं, पण उठून बसायला गेला, कूस बदलली, उभा राहिला की किंकाळी फुटते. मणक्याला वजन पेलवत नाही म्हणून हे होतं. खूपदा दोन्ही दुखणी एकत्र असतात. या लेखात ज्या उपचाराबद्दल सांगायचं आहे, तो मुख्यतः दुसऱ्या तऱ्हेच्या दुखण्यासाठी आहे.

दहा बाय बाराच्या खोलीत हे दुखणं काय करतं, ते वेगळं सांगायला नको. संडास सार्वजनिक, गल्लीच्या टोकाला. मोरी एका कोपऱ्यात, तिथे उकिडवं बसावं लागतं. झोपायला माळ्यावर शिडी चढावी लागते, नाहीतर खाली पाच जणांच्या मध्ये जागा. ज्याला उठून बसता येत नाही, त्याचं जेवण आडवं पडून, लघवी आडवं पडून, आणि तेही सगळ्यांदेखत. कितीतरी बाया संडासला न्यावं लागू नये म्हणून पाणी पीत नाहीत, जेवण निम्मं करतात. कॅन्सरने खंगली असं आपण म्हणतो, पण तिने खाणं कशासाठी सोडलं हे कोणी विचारत नाही.

आता उपचार. त्याचं नाव व्हर्टिब्रोप्लास्टी. नाव अवघड आहे, पण पाठ करा किंवा फाईलवर लिहून ठेवा, कारण ते नाव घेऊन विचारावं लागतं. खचलेल्या मणक्यात पाठीकडून सुई घालून एक खास सिमेंट भरतात. सिमेंट म्हटलं की लोक हसतात किंवा घाबरतात. हे घर बांधायचं सिमेंट नाही. कवळीचा गुलाबी भाग ज्या जातीच्या ॲक्रिलिकचा बनतो, त्याच जातीचं हे आहे. एक पावडर आणि एक द्रव, दोन्ही ऐन वेळी कालवायची. टूथपेस्टइतकं घट्ट झालं की सुईतून भरायचं. मग काही मिनिटांत ते आतल्या आत कडक होतं. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस खुब्याचा कृत्रिम सांधा पक्का बसवायला ते वापरायला सुरुवात केली. मणक्यात ते पहिल्यांदा भरलं गेलं १९८४ मध्ये, फ्रान्समधल्या आमियां शहरात. गालिबेर आणि देरामाँ या डॉक्टरांकडे आलेल्या एका बाईच्या मानेचा दुसरा मणका रक्तवाहिन्यांच्या गाठीने पोखरला होता.

प्रत्यक्षात काय करतात? पेशंटला पालथं झोपवतात. खरं तर सगळ्यात त्रासाचा भाग हाच, कारण दुखऱ्या पाठीने पालथं पडून राहायचं असतं. म्हणून आधी वेदनाशामक आणि गुंगीचं औषध देतात. सुईच्या जागी भूल देतात, काहींना पूर्ण भूलही लागते. सी-आर्म नावाच्या एक्स-रे मशीनच्या पडद्यावर बघत बघत डॉक्टर सुई मणक्यात नेतात. ज्यांची बोनमॅरोची तपासणी झाली आहे त्यांनी तशी जाड सुई पाहिली असेल. सिमेंट पडद्यावर काळं दिसावं म्हणून त्यात बेरियम मिसळलेलं असतं. एका मणक्याला काही मिलिलिटर, म्हणजे चमचाभर पुरतं. एका मणक्याचं काम साधारण तासाभरात उरकतं. टाका सहसा लागत नाही, चिकटपट्टी लावतात. दोन-चार तास सपाट झोपवून ठेवतात आणि पुष्कळदा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. ज्यांना गुण येतो त्यांना तो बहुधा एक ते तीन दिवसांत कळतो.

याचाच एक भाऊ आहे, कायफोप्लास्टी. त्यात आधी छोटा फुगा आत नेऊन फुगवतात, मणका थोडा उचलतात, पोकळी करतात आणि मग सिमेंट भरतात. त्याचं साहित्य एकदाच वापरायचं असतं, म्हणून खर्च वाढतो. कुठे कुठे सिमेंटच्या आधी सुईनेच गाठ जाळतात.

गुण येतो हे कशावरून? २०११ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या मासिकात एक अभ्यास छापून आला. कॅन्सर असलेले आणि मणके खचलेले १३४ पेशंट घेतले होते. काहींची कायफोप्लास्टी केली, बाकीच्यांना नेहमीचे उपचार दिले. पाठीमुळे रोजच्या जगण्यात किती अडतं, म्हणजे चालणं, कपडे घालणं, अंथरुणातून उठणं, याला २४ पैकी गुण द्यायचे होते. गुण जितके जास्त, तितका त्रास जास्त. ज्यांची कायफोप्लास्टी झाली त्यांचा आकडा महिनाभरात १७.६ वरून ९.१ वर आला. ज्यांना नेहमीचे उपचार होते त्यांचा १८.२ वरून १८.० झाला, म्हणजे जवळजवळ तिथेच राहिला. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. हा अभ्यास ते साहित्य बनवणाऱ्या कंपनीच्या पैशाने झाला होता, आणि आपल्याला कोणता उपचार मिळाला हे पेशंटला माहीत होतं. तरीही फरक इतका मोठा आहे की तो मला नजरेआड करता येत नाही.

दुसरी बाजूही सांगते. ती सांगितली नाही तर उद्या कोणीतरी या लेखाचं कात्रण दाखवून तुमच्या आजीला ऑपरेशनला नेईल. म्हातारपणी हाडं ठिसूळ होऊन मणका दबतो, त्यात कॅन्सर नसतो. त्यासाठीही हे सिमेंट भरपूर वापरलं गेलं. २००९ मध्ये दोन अभ्यास एकाच वेळी छापून आले. त्यांत काही पेशंटना खरं सिमेंट भरलं होतं आणि काहींना नुसतं सिमेंट भरल्याचं सोंग केलं होतं. दुखणं दोन्हीकडे सारखंच कमी झालं. त्यावर अजून वाद चालू आहे. म्हणून कॅन्सर नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला पहिल्याच भेटीत कोणी सिमेंट सुचवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय पैसे भरू नका.

या उपचाराचे धोकेही आहेत. मुख्य धोका सिमेंट गळण्याचा. कॅन्सरने मणक्याची भिंत खाल्लेली असते, त्यामुळे गळती जास्त वेळा होते. बहुतेकदा ती फक्त एक्स-रेत दिसते, पेशंटला काही जाणवत नाही. पण कधी ते नसेवर दाब देतं, कधी शिरेतून फुप्फुसापर्यंत जातं, आणि तेव्हा प्रकरण गंभीर होतं. म्हणूनच हे काम सवयीच्या हाताने, चांगल्या मशीनवर व्हायला हवं. अंगात जंतुसंसर्ग असेल, केमोमुळे प्लेटलेट फार खाली गेल्या असतील, रक्त गोठत नसेल, तर आधी ते सुधारावं लागतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि मणक्याच्या मागच्या बाजूने गाठ मज्जारज्जूवर दाबत असेल, पाय लुळे पडत असतील, तर नुसतं सिमेंट हा त्यावरचा उपचार नाही.

सिमेंटने कॅन्सर जात नाही. यावरूनच घराघरात भांडणं होतात.

आमच्या भागातल्या एका मावशींचं सांगते. चार वर्षांपूर्वी स्तनाचं ऑपरेशन झालेलं. पाठ धरली तेव्हा चार महिने मालिश आणि पट्टा झाला. एमआरआय केला तेव्हा पाठीचा बारावा मणका खचलेला निघाला. डॉक्टरांनी सिमेंट सुचवलं. मुलगा मला म्हणाला, "ताई, कॅन्सर जाणार नसेल तर पाठीत सिमेंट घालून उपयोग काय?" मी काही बोलायच्या आत सून म्हणाली, "रात्री त्यांची कूस बदलताना त्या ओरडतात. तुम्ही नाइट शिफ्टला असता, ते मी ऐकते." उपचार झाला. तिसऱ्या दिवशी मावशी भिंतीला धरून मोरीत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्यानंतर त्या आठ महिने जगल्या. त्यातले शेवटचे काही दिवस सोडले तर आपल्या पायांनी संडासला गेल्या, विहारात खुर्चीवर का होईना पण बसल्या. मुलाच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

'लास्ट स्टेज आहे, आता कशाला' हे वाक्य ओपीडीत आपल्या लोकांना फार लवकर ऐकायला मिळतं. ज्याच्या हातात पॉलिसीची फाईल असते त्याला तेच डॉक्टर तीन पर्याय समजावून सांगतात. आपल्याला कोणी समजावणार नाही असं धरून चाला आणि स्वतः विचारा. "साहेब, दुखणं हालचालीचं आहे, मणका खचलाय का? इथे व्हर्टिब्रोप्लास्टी होते का? आईला चालेल का? चालत नसेल तर का?" चौथा प्रश्न सोडू नका. नाही म्हणण्याला चांगलं कारण असू शकतं, आणि ते कळणं हा तुमचा हक्क आहे. कॅन्सरच्या मोठ्या रुग्णालयांत हे काम बहुधा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी नावाच्या विभागात होतं, कुठे हाडांचे किंवा मेंदू-मणक्याचे सर्जन करतात. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये असा विभाग आहे. केमो देणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तिथे जायचं असतं.

बहुतेकांना सिमेंटच्या जोडीला किंवा सिमेंटऐवजी रेडिएशन मिळतं. आपल्याकडे लोक त्याला लाईट किंवा शेक म्हणतात. सतत ठणकणाऱ्या दुखण्यावर ते चांगलं काम करतं, पण गुण यायला दोन-चार आठवडे लागतात आणि खचलेल्या हाडाला ते लगेच आधार देत नाही. हाडाच्या साध्या दुखण्यासाठी एका दिवसाचा एकच डोस पुष्कळदा दहा दिवसांच्या डोसइतकाच आराम देतो. मात्र एकच डोस घेतलेल्यांना पुढे पुन्हा घ्यायची वेळ जास्त वेळा येते. गावाहून येऊन फुटपाथवर राहणाऱ्या कुटुंबाने एका दिवसाच्या डोसबद्दल जरूर विचारावं. सिमेंट भरलं म्हणून रेडिएशन बंद होत नाही.

आणि मॉर्फिन. वॉर्डात नोकरीला असताना मी पाहिलंय, मॉर्फिनची गोळी दिली की नातेवाईक रडायला लागायचे, संपलं सगळं म्हणून. मॉर्फिन दुखण्याचं औषध आहे, मरणाचं नाही. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, ठरलेल्या वेळेला दिलं तर पेशंट उठतो, जेवतो, बोलतो. बद्धकोष्ठ मात्र होतंच, म्हणून पहिल्या दिवसापासून जुलाबाचं औषध सोबत लिहून घ्या. २०१४ मध्ये कायद्यात बदल झाला आणि मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं. तरी गल्लीतल्या केमिस्टकडे ते मिळणार नाही. रुग्णालयाच्या पॅलिएटिव्ह केअर विभागाची चिठ्ठी लागते. सिमेंट शक्य नसेल, पेशंट फार खंगलेला असेल, तर हा विभाग सगळ्यात जवळचा.

पुढचा परिच्छेद घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. पायातली ताकद कमी होणं, चालताना पाय अडखळणं, पायांना किंवा बसायच्या जागेला बधिरपणा, छातीभोवती दोरी आवळल्यासारखं दुखणं, लघवी तुंबणं, संडासवर ताबा न राहणं. कॅन्सरच्या पेशंटला यातलं काहीही झालं तर ओपीडीच्या दिवसाची वाट बघायची नाही. रविवार असो की मध्यरात्र, इमर्जन्सीत न्या आणि "कॅन्सर आहे, पाय जातायत" असे सरळ शब्द वापरा. मज्जारज्जूवर दाब आला असेल तर स्टिरॉइड, ऑपरेशन किंवा रेडिएशन लगेच लागतं. उपचार सुरू होताना जो चालत असतो, त्याचं पुढे चालत राहण्याची शक्यता फार जास्त. जो चार दिवस लुळा पडून आला, त्याचे पाय परत येणं कठीण.

नेताना एक काळजी घ्या. आपल्या गल्ल्यांत स्ट्रेचर वळत नाही म्हणून पेशंटला चादरीत घालून चौघं उचलतात. चादरीत पाठ झोळीसारखी वाकते आणि खचलेला मणका आणखी दबतो. लाकडी फळी घ्या, फळी नसेल तर दाराची फळी काढा. पेशंटला लाकडाच्या ओंडक्यासारखं, खांदे आणि कंबर एकदम, एका कुशीवर वळवायचं, फळी खाली सरकवायची आणि पुन्हा उताणं करायचं. घरात अंथरुण बदलतानाही असंच वळवा.

पैशाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या आता एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते यादीतल्या रुग्णालयात आणि यादीतल्या उपचारांनाच. म्हणून ॲडमिट होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा आणि हा उपचार योजनेत बसतो का, सिमेंट आणि सुईचा खर्च त्यात धरलाय का, हे दोन्ही विचारा. रेशन कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर ते आजच दुरुस्तीला टाका. पेशंट ॲडमिट असताना त्या रांगेत उभं राहायला घरात माणूस नसतो. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना २००६ मधल्या उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. चकचकीत काचेच्या इमारती बघून परत फिरू नका, त्यातल्या कितीतरी कागदोपत्री धर्मादाय आहेत. तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला घेऊन जा.

उपचारानंतर एक-दोन दिवस सुईची जागा दुखते, ते साहजिक आहे. ताप आला, पाठ पूर्वीपेक्षा जास्त दुखू लागली, श्वास लागला किंवा पाय जड वाटले तर लगेच परत न्या. दुखणं गेलं म्हणून बाया दुसऱ्या दिवशी हंडा उचलतात. सिमेंट एका मणक्यात आहे, शेजारचे मणके तसेच आहेत. हंडा, गॅस सिलेंडर, नातवंड, काहीच उचलायचं नाही, आणि खाली वाकून झाडूही मारायचा नाही. हाडं बळकट करायला झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाइन बऱ्याच जणांना देतात. ते सुरू करण्याआधी दात तपासून घ्या. सलाइन चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड भरून येत नाही असं कधी कधी होतं. तंबाखू-मशेरीने किडलेले दात आपल्याकडे घरटी आहेत, तेव्हा ते आधी उपटून घेतलेले बरे.

ओपीडीला जाताना पहिल्या ऑपरेशनपासूनचे सगळे कागद, बायोप्सीचा रिपोर्ट, एमआरआयची फिल्म किंवा सीडी, ताजा रक्ताचा रिपोर्ट, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि रेशन कार्ड बरोबर ठेवा. नुसता एक्स-रे दाखवून परत येऊ नका, कारण मणका बराच पोखरला गेल्याशिवाय एक्स-रेत दिसत नाही. आणि पेशंटबरोबर रात्री जो जागतो त्यालाच पाठवा. दुखणं केव्हा वाढतं, ते त्यालाच सांगता येईल.